सुपारीची वरात

भोर, ६ जानेवारी २०२५

प्रिय अजू,

पाचगणीच्या शाळेत शनिवारी दुपारी आपण दोघी चॅपलमध्ये जायचो, आठवतं? प्रार्थनेला नव्हे. मेणबत्त्यांखालच्या पत्र्याच्या ताटात विझलेल्या काड्या पडलेल्या असायच्या, त्या वेचायला. तू गुडघे टेकून डोळे मिटायचीस आणि मी तुझ्या आडून काड्या फ्रॉकच्या खिशात भरायची. एकदा सिस्टर फिलोमिना मागून आल्या आणि तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, वर्गातली सगळ्यात भाविक मुलगी तू. तू मान खाली घालून "थँक यू, सिस्टर" म्हणालीस आणि बाहेर पायरीवर बसून इतकी हसलीस की उचकी लागली. त्या काड्यांचं आपण घर केलं. दार एका बाजूला जास्त उंच झालं. तू म्हणालीस, राहू दे, उंच माणसं त्या बाजूनं जातील.

तू फोन घेत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. तुझी फौजियाच म्हणाली, "नंदामावशी, अम्मी फोन उचलायची नाही. पण आलेलं पत्र न वाचता टाकायची नाही." सोलापूरला लेकीकडे जाऊन तुला नऊ महिने झाले. तिथलं पाणी मानवलं का? गुडघा कसा आहे?

इथलं सांगते. रुखवतं भाड्यानं द्यायचं आपलं काम मी चालू ठेवलंय. "आपलं" लिहिलं तर राग येईल का? आनंदराव अजून त्याला भातुकलीच म्हणतात. परवा कुणाला तरी सांगत होते, "रिटायर झालो मी आणि नोकरी लागली हिला." पण बंडूच्या टेम्पोत सामान नीट चढलं की नाही हे गुपचूप बघून येतात. या हंगामात सात लग्नं झाली. पिस्त्याच्या टरफलांची कमळं, मण्यांची तुळस, इंद्रायणी तांदळाचा गणपती, सगळं कामाला येतं. सगळ्यात जास्त मागणी तुझ्या वरातीला. सुपारीची चाळीस माणसं, बांबूच्या कामट्यांची बैलगाडी, बाजेवाले, आणि कडेला तोंड उघडं टाकून झोपलेला तो म्हातारा. बायका रुखवताच्या टेबलापाशी येतात आणि आधी त्याच्याकडे बोट दाखवून हसतात. तू जाताना काहीच नेलं नाहीस, वरातही माझ्याच कपाटात राहिली. मी ती जपून देते आणि जपून परत आणते.

किकवीच्या लग्नात जे झालं ते तुझ्या मनाला एवढं का लागलं, मला खरंच कळलं नाही. अगं, रुखवतात खरं कोण बोलतं? आत्यानं केलेलं, शेजारणीनं केलेलं, सगळ्यावर नवरीच्या नावाची चिठ्ठी असते. तशीच एक गोष्ट बोलून गेले मी.

माझं ठीक आहे. डोळे उत्तम आहेत. सुईत दोरा तेवढा आनंदराव ओवून देतात.

तुझी,
नंदा


भोर, ३ मार्च २०२५

प्रिय अजू,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. पण गेल्या महिन्यात असं काही झालं की ते तुला कळवणं मला भाग आहे. बंडूच्या तोंडून ते सोलापूरला पोचायच्या आत मीच सांगते.

उत्रोलीचं लग्न रविवारी होतं आणि भोंगवलीचं सोमवारी. दोन्हीकडे वरात हवी होती. एकाच वरातीवर मी दोन्ही कामं घेतली. दुसरी करणार कोण? रविवारी संध्याकाळी सामान आलं तशी मी माणसांच्या जागा बदलल्या. बाजेवाले मागे नेले, बैलगाडी पुढे आणली, नवरीला हिरव्याऐवजी जांभळा शालू नेसवला. आणि चिठ्ठी बदलली. उत्रोलीला "चि. सौ. कां. स्नेहल हिने स्वहस्ते साकारलेली वरात" असं होतं, त्या जागी शेफालीचं नाव घातलं. वाटलं, उत्रोली कुठं आणि भोंगवली कुठं.

भोंगवलीच्या मांडवात नवऱ्याकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. सगळ्यांत पुढे नवऱ्याची आत्या, फुलाबाई. सत्तरीची बाई, नऊवारी, कपाळावर गोंदण. टेबलापाशी आली, वाकली, आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आगं बया! ह्यो म्हातारा काल आमच्या उत्रोलीत झोपला व्हता की! रातीत हितं आला कसा? एस्टीनं?"

फुलाबाई उत्रोलीची निघाली गं. शेजारचं लग्न म्हणून रविवारीही जेवून आली होती.

आधी सगळ्या हसल्या. मग नवऱ्याची आई चिठ्ठी वाचून म्हणाली, "काय गं शेफाली, ह्यो तुज्या हातचा, का उत्रोलीच्या पोरीच्या हातचा? का दोघीनी अर्धा अर्धा केला?" एक पोक्त बाई म्हणाली, "आता सयपाक बी भाड्यानं आणंल ही." शेफालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती पोरगी, गळ्यात हार, कपाळाला मुंडावळ्या, माझ्याकडे बघत होती. रडता येत नव्हतं तिला, फोटोवाला समोर उभा होता.

मी पुढे झाले. म्हटलं, "मुलीला बोल लावू नका. वरात भाड्याची आहे, मी दिली. चिठ्ठी मी लिहिली. आणि ही मीही केलेली नाही. भोरच्या अजरानं केलीय. माझी मैत्रीण आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी मुसलमानीन?"

मी हातातला टाचण्यांचा डबा टेबलावर ठेवला. मग फुलाबाई मागे वळून म्हणाली, "मंग? त्येच्या टकलावर लिवलंय व्हय? घोरतुया बघ कसा, आक्षी आमच्या ह्येंच्यावानी." आणि शेफालीकडे वळून, "पोरी, रडू नगस. ह्यातलं तू काय केलंस ते दाव."

शेफालीनं टेबलाच्या अगदी कोपऱ्यातला एक रुमाल उचलला. त्यावर दोन मोर, एकाची मान जरा आखूड. "हा मी केलाय, आत्या." फुलाबाईनं तो रुमाल घेतला, घडी केली आणि कमरेला खोचला. "ह्यो माजा. बाकीचं त्या बाईचं टेम्पूत भरा."

येताना टेम्पोत बंडूनं आरशातून मागच्या सामानाकडे पाहिलं. मग म्हणाला, "काकू, म्हातारा लई फेमस झाला आता. त्याला घरीच ठेवा काही दिस."

अजू, तुझं नाव मी पहिल्यांदाच मांडवात घेतलं. तेही अडकल्यावर. याची मला जाणीव आहे.

नंदा


भोर, ११ एप्रिल २०२५

प्रिय अजू,

फौजियाकडून कळलं की माझी दोन्ही पत्रं तू वाचलीस आणि कपाटात ठेवलीस. तेवढं मला पुष्कळ आहे.

आधीच्या दोन्ही पत्रांत मी एक गोष्ट टाळली. आज लिहिते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत किकवीच्या कार्यालयात आपण दोघी पहाटेपासून रुखवत मांडत होतो. तू टेबलाच्या त्या बाजूला टाचण्यांची डबी घेऊन उभी होतीस. मुलीची काकू आली आणि तिनं वरातीकडे बघून एवढंच विचारलं, "कुणी केलं हो हे?" कुणाचं नाव नको म्हणाली नाही ती. कुणाबद्दल वाईट बोलली नाही. आणि मी म्हणाले, "सगळं मीच केलंय."

भोंगवलीच्या मांडवात जे मागून बोललं गेलं, ते मी किकवीत कुणी बोलायच्या आधीच ऐकलं होतं. माझ्या स्वतःच्या डोक्यात. ऑर्डर जाईल, लोक काय म्हणतील, आत्ताच कुठे काम सुरू झालंय. हे सगळं त्या काकूच्या प्रश्नाच्या आणि माझ्या उत्तराच्या मध्ये माझ्या मनातून गेलं. म्हणजे तशी मी बोलून गेले नव्हते. विचार करून बोलले होते. पाच वर्षांच्या तुझ्या दुपारी त्या वरातीत आहेत, माझ्या ओसरीवर बसून केलेल्या, आणि मी तुझं नाव तुझ्या देखत गिळलं.

तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू एवढंच विचारलंस, "नंदे, टाचण्या पुरल्या का?" पुरल्या म्हटल्यावर डबी टेबलावर ठेवलीस आणि रस्त्यावर जाऊन भोरची एसटी पकडलीस.

तुला न विचारता वर्षभर मी ती वरात लग्नालग्नांत फिरवली, हेही त्यातच धर.

आता मी काय केलं ते सांगते. माफी मागून झाली की माणूस मोकळा होतो, तसं मला व्हायचं नाही. भाड्यानं देणं बंद केलं. यापुढे वस्तू विकायची, प्रत्येक घराला वेगळी, आणि प्रत्येक वस्तूच्या बुडाशी जिनं केली तिचं नाव. नवरीनं काही केलं असेल तर नवरीचं. तुझं असेल तर तुझं. किकवीच्या एका घरानं हे ऐकून ऑर्डर काढून घेतली. "तुमच्या कामाला नावं ठेवत नाही, बाई, पण घरात म्हातारी माणसं आहेत," असं म्हणाले. मी म्हटलं, म्हातारी तर मीही आहे. दार लावून घेतलं आणि नंतर अर्धा तास स्वयंपाकघरात उभी राहिले. भीती वाटली नाही असं लिहिणार नाही.

भोरच्या आठवडे बाजारात आता माझं एक टेबल असतं, बांगडीवाल्याच्या शेजारी. सुपारीचे नवरा-नवरी, मण्यांची तोरणं. वेल्ह्याच्या बाजारालाही दोनदा जाऊन आले. तिथल्या बचत गटाच्या बायकांनी मण्यांच्या तुळशी मागितल्यात. आनंदराव पहिल्या दिवशी लांब उभे होते, जणू माझे कुणी नाहीत. दुसऱ्या आठवड्याला गिऱ्हाइकाला सांगत होते, "हात लावून बघा, निघत नाही काही." शेफाली भोंगवलीहून दर आठवड्याला टाके शिकायला येते. सासूच पाठवते तिला, "भाड्याचं नको, खरं शिकून ये" म्हणून. मोराची मान आता लांब होते, पाय आखूड होतात.

आणि फुलाबाई. ती एसटीनं थेट घरी आली. मेअखेरीला तिच्या नातीचं लग्न आहे. तिला वरात हवी आहे, विकत, कायमची. पण म्हाताऱ्यासकट. मी म्हटलं, झोपलेला करून देऊ. तर म्हणाली, "नगं. जित्तेपणी लई झोपला त्यो. सोताच्या लेकीच्या वरातीत बी गाडीत घोरत व्हता. आता नातीच्या वरातीत त्येला पुढं चालू द्या. डोळं उगडं ठेवून." आणि कनवटीतून तिनं गेलेल्या नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. निळ्या रेघांचा. "त्या बाईलाच करू द्या. तिनं त्येला न बगता वळखला."

मी तिला सांगितलं नाही की तू इथे नाहीस. तीन आठवडे मी प्रयत्न करतेय. माझी माणसं बसतात तिरकी, मान एकीकडे आणि पागोटं दुसरीकडे. म्हातारा जागा तर दिसत नाहीच, आजारी दिसतो. मी सोडणार नाही, शिकेन. पण तो चेहरा तुझ्या हातचा आहे हे मलाही माहीत आहे आणि फुलाबाईलाही. ये असं म्हणायचा हक्क मी ठेवलेला नाही. फक्त कळवते.

नंदा


भोर, २६ एप्रिल २०२५

अजू,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "सुपारी फार वाळलेली घेऊ नकोस. मान बसत नाही." खाली सहीसुद्धा नाही.

सकाळपासून दहा वेळा वाचलं. आनंदराव म्हणाले, एवढं काय लिहिलंय? मी म्हटलं, सुपारीबद्दल आहे. ते म्हणाले, मग रडतेस कशाला?

ताज्या सुपाऱ्या आणल्या. मान बसते आहे. चेहरा मात्र जमत नाही. तुझ्यापासून आणखी एक गोष्ट लपवली होती, तीही सांगून टाकते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर वर्षभर मागे लागलेत. हंगाम संपू दे म्हणून मी पुढे ढकलत राहिले. सुपारीवर डोळा काढते तेव्हा मला दोन डोळ्यांच्या जागी चार दिसतात.

नंदा


भोर, १७ मे २०२५

प्रिय अजू,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. ओसरीवरच्या टेबलावर, कात्रीखाली ठेवतेय. तू दार उघडशील तेव्हा मी पुण्यात असेन.

फौजियाचा फोन आला. आधी बराच वेळ घुटमळली बिचारी. मग म्हणाली, "मावशी, रागावू नका. अम्मी येते म्हणते, फुलाबाईंचं काम करायला. पण म्हणते, नंदा घरात नसेल तर." तिला वाटलं असेल मी फोन ठेवून देईन. मी म्हटलं, "तिला सांग, नंदा नसेल." आणि लगेच दवाखान्यात फोन करून तारीख घेतली. वर्षभर डॉक्टरांना जे जमलं नाही ते तू एका अटीत केलंस. उद्या सकाळी आनंदराव मला घेऊन जाताहेत. एक डोळा आत्ता, दुसरा नंतर. दहा दिवस आम्ही त्यांच्या भावाकडे राहणार आहोत. तुझं काम त्याआधी होईल, आणि मी यायच्या आत तुला जायचं असेल तर तसं कर. मी त्यावर काही बोलणार नाही.

आता कामाचं. नीट वाच, कारण मी विचारायला जवळ नाही.

फुलाबाईंची वरात उत्रोलीला पोचवायची, शनिवारी दुपारपर्यंत. बंडूला सांगून ठेवलंय, तो टेम्पोत गादी टाकून नेईल. सदऱ्याचा तुकडा चहाच्या रिकाम्या डब्यात आहे. तो लहान आहे, एकदाच कापता येईल. मी कापलेला नाही. वरात फुलाबाईंच्याच हातात द्यायची, सुनेच्या नाही, मुलाच्या नाही. चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे, त्यावर एकच नाव आहे. मांडवात ती बाई सगळ्यांना दाखवत फिरेल आणि कुणी केलं असं लोक विचारतील. तिथे तुझ्याऐवजी बोलायला मी नाही, ते बरंच आहे. तू सांग.

वेल्ह्याच्या बायकांना मण्यांच्या सहा तुळशी द्यायच्यात. खोक्यात बांधून ठेवल्यात. त्यांची माणसं बुधवारी येतील. पाच मी केल्या, एक शेफालीनं, तिच्यावर तिचं नाव आहे. ती वेगळी दिसते, पण बदलू नकोस.

शेफाली आली तर तिला निळी चौकट दे, कापड ताणून ठेवलंय. मोराचे पाय तिला कसे करायचे ते दाखव. मला ते आता दिसत नाहीत आणि तुझे नेहमीच चांगले व्हायचे. ती तुला "अजराकाकू" म्हणायचं असं आधीच ठरवून बसलीय, भांडू नकोस.

फौजियासाठी खोबऱ्याच्या वड्या फडताळात वरच्या खणात. तिच्या मुलासाठी नाहीत, तिच्यासाठी. त्यानं मागितल्या तर अर्धीच द्यायची.

आनंदरावांचा चष्मा घरीच राहिलेला सापडला, तर सापडलाच. पाठवत बसू नकोस.

बाजाराच्या दिवशी टेबल मांडायचं की नाही हे तुझ्यावर. मांडलंस तर बांगडीवाला मदत करेल, त्याला फक्त चहा लागतो. पाटीवर दोन नावं रंगवून घेतली आहेत. तुला तुझं नको असेल तर पुसू नकोस, पाटी उलटी करून ठेव, मी आल्यावर बघेन.

जुनी वरात कपाटात खालच्या खणात आहे, पांढऱ्या कापडात. ती तुझी आहे. न्यायची तर ने, विकायची तर वीक, मोडायची तर मोड. मला विचारायचं नाही.

आणि शेजारून घेतलेली घराची किल्ली. काम झालं की ती शेजारी द्यायची नाही, बंडूकडे द्यायची नाही, पोस्टानं पाठवायची नाही. सोलापूरला जाताना बरोबर घेऊन जा. मी माझ्यासाठी दुसरी करून घेतली आहे.

नंदा